अमेरिकन नागरिकाशीं विवाह आणि कायम वास्तव्याचा हक्क

अमेरिकन नागरिकाशीं लग्न झालें कीं त्या देशांतील वास्तव्याचा प्रश्न आपोआप सुटतो, अशी समजूत महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांतूनहि आढळते. मुलीचें स्थळ पाहतांना मुलगा ‘तिकडचा’ आहे, एवढ्यावरच पुष्कळदां समाधान मानलें जातें. तो तेथील नागरिक आहे, कायम रहिवासी आहे, कीं केवळ नोकरीच्या परवान्यावर राहिला आहे, ही चौकशी मागें पडते. वस्तुतः पुढील सर्व गोष्टी या एका भेदावर अवलंबून असतात.

नागरिकाच्या पतीला अथवा पत्नीला अमेरिकन कायदा ‘निकटचे नातलग’ मानतो, व त्या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाहीं. कायम रहिवाशाच्या जोडीदाराला मात्र ती मर्यादा लागू असते. त्याला रांगेंत थांबावें लागतें. नोकरीच्या परवान्यावर असलेल्या माणसाला तर स्वतःलाच हा हक्क मिळवावयाचा असतो. तो दुसऱ्याला कोठून देणार?

ही सवलत हिंदी माणसाला पूर्वीपासून नव्हती. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें हिंदी मनुष्य नागरिकत्वास अपात्र ठरविला. त्या काळीं अशा ‘अपात्र’ परदेशीयाशीं लग्न करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचेंच नागरिकत्व गमावून बसे. ही तरतूद १९३१ सालीं रद्द झाली, आणि १९४६ च्या कायद्यानें हिंदी लोकांना नागरिकत्वाचें दार उघडलें. तेंहि वर्षाला शंभर जणांच्या प्रवेशापुरतें. विवाहानें हक्क मिळण्याऐवजीं असलेला हक्क जाण्याचे ते दिवस होते.

आजची रीत अशी आहे. पत्नी भारतांत असेल, तर पहिला अर्ज तिनें करावयाचा नसतो. तो नागरिक पतीनें करावयाचा असतो. पत्नी नागरिक व पती भारतांतला असेल, तर त्याच्या उलट. समलिंगी विवाहांनाहि २०१३ पासून हाच नियम आहे. अर्जासोबत विवाहनोंदणीचा दाखला लागतो. लग्नपत्रिका व छायाचित्रें त्याची जागा घेऊं शकत नाहींत. पूर्वीचा विवाह मोडला असल्यास त्याचा हुकूमनामाहि जोडावा लागतो. अर्ज मंजूर झाल्यावर कागदपत्रांची छाननी, वैद्यकीय तपासणी, आणि शेवटीं वकिलातींतील मुलाखत होते. महाराष्ट्रांतील अर्जदारांना त्यासाठीं मुंबईस जावें लागतें.

मुलाखतींत अधिकाऱ्याला एकच गोष्ट ठरवावयाची असते: हा विवाह संसारासाठीं झाला आहे, कीं कागदासाठीं? ओळख कशी झाली, लग्नाला कोण आलें होतें, दूर असतांना पत्रव्यवहार कसा राहिला, असे साधे प्रश्न विचारले जातात. पढविलेल्या उत्तरांपेक्षां खरीं उत्तरेंच उपयोगीं पडतात. खोट्या विवाहाला पांच वर्षांपर्यंत कारावास व अडीच लक्ष डॉलरपर्यंत दंड सांगितला आहे, आणि अशा अर्जदाराची विवाहावर आधारलेली पुढील वाटहि कायमची बंद होते.

याच संशयांतून १९८६ सालीं एक महत्त्वाची अट जन्माला आली. हक्क मिळण्याच्या दिवशीं विवाहाला दोन वर्षें पूर्ण झालीं नसतील, तर मिळणारें कायम वास्तव्य ‘सशर्त’ असतें. त्याचें पत्र दोन वर्षांचें असतें. ती मुदत संपण्यापूर्वींच्या ९० दिवसांत पतिपत्नींनीं संयुक्त अर्ज करून संसार खरा असल्याचें दाखवावयाचें असतें. संयुक्त बँक-खातें, घराचा भाडेकरार, विम्याचे कागद, प्राप्तिकराचीं विवरणपत्रें, मुलांचे जन्मदाखले, हे त्याचे पुरावे. अर्ज न केल्यास हक्क संपुष्टांत येतो व देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊं शकते.

खरी कसोटी येथेंच आहे. संयुक्त अर्जाला दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे परदेशीं एकट्या पडलेल्या मुलीचें भवितव्य दुसऱ्याच्या सहीवर लोंबकळत राहतें. ‘सही करणार नाहीं, परत धाडीन,’ या धमकीखालीं निमूटपणें मार सोसणाऱ्या स्त्रिया असतात, त्या कायदा ठाऊक नसल्यामुळें. कारण कायद्यानें या सहीला पर्याय ठेवले आहेत. विवाह शुद्ध हेतूनें केला होता, पण घटस्फोट झाला; पतीनें मारहाण वा अतोनात छळ केला; पतीचा मृत्यु झाला; अथवा देशाबाहेर काढल्यास अतिशय हाल होतील, यांपैकीं कांहीं सिद्ध करतां आल्यास पत्नी एकटीनें अर्ज करूं शकते. हा एकटीचा अर्ज ९० दिवसांच्या त्या मुदतीची वाट न पाहतांहि करतां येतो.

हक्क मिळण्याआधींच छळ सुरू झाला असेल, तर १९९४ च्या कायद्यान्वयें पतीच्या नकळत स्वतःचा अर्ज करण्याची सोय आहे, आणि त्या अर्जाची माहिती पतीला देण्यास अधिकाऱ्यांना मनाई आहे. छळ सोसणाऱ्या पतीलाहि हें संरक्षण मिळतें.

आणखी एक बंधन पतीवर असतें. पत्नीच्या पोषणाची लेखी हमी त्याला द्यावी लागते, व त्याचें उत्पन्न सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या निदान सव्वापट असावें लागतें. ही हमी घटस्फोटानें संपत नाहीं. पत्नी नागरिक होईपर्यंत, अथवा तिच्या कामाच्या सुमारे दहा वर्षांचा हिशेब पुरा होईपर्यंत, ती सामान्यतः चालू राहते.

अट दूर झाली कीं दहा वर्षांचें पत्र मिळतें. नागरिक पतीबरोबर संसार चालू असल्यास तीन वर्षांनंतर पत्नीला नागरिकत्वासाठीं अर्ज करतां येतो. इतरांना सामान्यतः पांच वर्षें थांबावें लागतें. सशर्त काळाचीं दोन वर्षें या हिशेबांत धरलीं जातात.

तेव्हां मुलीची पाठवणी करतांना दागिन्यांच्या पेटीबरोबर आणखी एक पुडकें तिच्या स्वाधीन करावें. विवाहाचा व जन्माचा दाखला, पारपत्राची प्रत, पतीच्या अर्जाची व हमीपत्राची नक्कल, आणि सशर्त मुदत संपण्याची तारीख, एवढें त्यांत असावें. हे कागद तिच्या स्वतःच्या कुलपांत राहावेत. संसार सुखाचा झाला, तर तें कुलूप वर्षानुवर्षें उघडावें लागणार नाहीं. न झाला, तर परक्या देशांत तेंच तिचें माहेर होईल.