नावापुरता गांजा

हिंगोली जिल्ह्यात हळदीच्या वा तुरीच्या उभ्या पिकात गांजाची झाडे सापडल्याचे वृत्त आले, तर वाचणाऱ्यास त्याचे फारसे नवल वाटत नाही. पोलीस येतात, झाडे उपटली जातात, पंचनामा होतो. आणि गावच्या पारावर त्या शेतकऱ्याविषयी संतापापेक्षा हळहळच अधिक व्यक्त होते. औंढा नागनाथासारखे ज्योतिर्लिंग ज्या जिल्ह्यात आहे, तेथे भांग-गांजाकडे महादेवाच्या दरबारातील वस्तू म्हणून पाहण्याची सवय जुनी आहे. इंग्रज सरकारने १८९३ साली नेमलेल्या आयोगानेही माफक सेवनापासून विशेष अपाय होत नाही, असाच अभिप्राय दिला होता. ही सौम्य दृष्टी कितपत योग्य, हा वादाचा विषय आहे. परंतु ती एका झाडाविषयीची दृष्टी आहे. ‘कृत्रिम गांजा’ या नावाने जगाच्या बाजारात जो पदार्थ फिरत आहे, त्याचा त्या झाडाशी नावापलीकडे संबंध नाही.

अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठात जॉन हफमन या रसायनशास्त्रज्ञाने, गांजातील द्रव्य मेंदूवर कसे कार्य करते हे अभ्यासण्यासाठी, अनेक संयुगे तयार केली. त्यांतील ‘जेडब्ल्यूएच-०१८’ हे संयुग २००८ साली जर्मनी व ऑस्ट्रियात ‘स्पाइस’ नावाच्या पुड्यांत आढळले. या पुड्या सुगंधी वनस्पती म्हणून उघडपणे विकल्या जात होत्या. कृती अगदी साधी: रसायन द्रावकात विरघळवायचे आणि कोणत्याही वाळलेल्या पाल्यावर फवारायचे. फवारा सर्वत्र सारखा बसत नाही. त्यामुळे एकाच पुडीतील एक चिमूट निरुपद्रवी, तर दुसरी जीवघेणी ठरू शकते. शिवाय झाडातील द्रव्य मेंदूतील ज्या केंद्रांवर अंशतःच कार्य करते, त्यांच्यावर ही संयुगे पूर्ण जोराने आघात करतात. आकडी, भ्रम, हृदयाची अनियमित धडधड, मूत्रपिंडे निकामी होणे आणि क्वचित मृत्यू, अशी ही परिणामांची मालिका आहे. त्यावर उतारा नाही. २०१८ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात तर अशा मालात उंदीर मारण्याचे विष मिसळलेले निघाले. दीडशेहून अधिक लोकांना रक्तस्राव झाला व काही दगावले.

हा माल पसरतो तो केवळ व्यसनी माणसाच्या दुर्बलतेमुळे, असे मानणे अपुरे ठरेल. व्यापाराचे गणितही त्याच्याच बाजूचे आहे. झाडाला शेत लागते, पाणी लागते, काही महिन्यांचा काळ लागतो. त्याला वास असतो, आणि त्याची पोती लपवणे कठीण. रसायनाला एक खोली पुरते. निषिद्ध मालाचा व्यापारी कमी वजनात अधिक नशा शोधणारच. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही गांजाच्या बाबतीत व्यापारी प्रमाण २० किलोंचे, तर मेफेड्रोनच्या बाबतीत अवघ्या ५० ग्रॅमचे मानले आहे!

मेफेड्रोन हे गांजाच्या जातीचे नव्हे. पण महाराष्ट्राने या मार्गाचा अनुभव घेतला तो त्याच्याच रूपाने. २०१५ च्या फेब्रुवारीत ते या कायद्याच्या अनुसूचीत आले. तोवर मुंबईत त्याचा सुळसुळाट होऊनही पोलिसांचे हात बांधलेलेच होते. बंदीनंतर व्यापार थांबला काय? २०२४ साली दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा प्रचंड साठा पकडला गेला. कृत्रिम गांजाच्या बाबतीत तर एका संयुगावर बंदी आली की रेणूचा एखादा तुकडा बदलून दुसरे तयार होते, आणि कायद्याला पुन्हा पहिल्यापासून धावावे लागते.

हिंगोली, वसमत, कळमनुरीची मुले शिक्षणासाठी व स्पर्धापरीक्षांसाठी नांदेड, पुण्याच्या खोल्यांत राहतात. ‘रसायन’ म्हटल्यावर जो मुलगा हात मागे घेईल, तोच ‘गांजा’ म्हटल्यावर निर्धास्त होतो, कारण त्या नावाची ओळख त्याला गावातच झालेली असते. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंग्लंडमधील शाळांत जप्त झालेल्या ई-सिगारेटी बाथ विद्यापीठाने तपासल्या, तेव्हा २०२४ च्या निष्कर्षानुसार सहांपैकी सुमारे एकीत ‘स्पाइस’ आढळले. आपल्याकडे ई-सिगारेटींच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते, हे शहरातील कोणताही विद्यार्थी सांगू शकेल.

आकडी आलेल्या मुलाला रुग्णालयात नेले, की डॉक्टर ‘काय घेतले?’ असे विचारतात. सोबतचा मित्र ‘गांजा’ म्हणून सांगतो, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरेच असते. लघवीची नेहमीची तपासणी मात्र झाडातील द्रव्यापुरतीच असल्याने तिच्यात काहीच निघत नाही. आणि बाहेर बाकावर बसलेले आईवडील मुलगा निर्व्यसनी ठरला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात.