गोल्डफिश आजारी पडला? औषधाआधी पाणी तपासा

चेन्नईच्या उत्तर भागातील कोळत्तूर हे शोभेच्या माशांच्या व्यापाराचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. तेथून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत बंद झालेले मासे देशभर पोहोचतात. चेन्नईच्या उत्तरेला, आंध्र प्रदेशाच्या सीमेलगत असलेल्या गुम्मिडिपूंडीसारख्या औद्योगिक गावातील घरांतही हे मासे येतात. त्यांत सर्वाधिक ओळखीचा मासा म्हणजे सोनेरी-केशरी रंगाचा गोल्डफिश.

हा मासा दीर्घायुषी आहे. योग्य निगा राखल्यास तो दहा ते पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमधील ‘टिश’ नावाचा गोल्डफिश 1999 मध्ये मरण पावला, तेव्हा त्याचे वय 43 वर्षे होते. असे असताना अनेक घरांत हा मासा काही आठवड्यांतच दगावतो. याचे कारण बहुतेक वेळा एखादा असाध्य रोग नसून टाकीतील पाणी हेच असते.

न दिसणारे विष

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच महिन्यात मासे मरण्याचे रहस्य येथे दडलेले आहे. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असले तरी ते विषारी असू शकते.

या विषाची तीव्रता पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असते. पाण्याचे तापमान 25 अंश सेल्सिअस असताना सामू 7 वरून 8 वर गेल्यास अमोनियाचे घातक स्वरूपातील प्रमाण सुमारे दहा पटींनी वाढते.

चेन्नईच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण उद्भवते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशांना एका लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना केवळ साडेसात मिलिग्रॅम. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्यातील मासा असल्याने त्याला हा ताण अधिक जाणवतो.

पाण्याचा स्रोतही महत्त्वाचा आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करते. चेन्नई-गुम्मिडिपूंडी रेल्वेमार्गावरील मिंजूर परिसरात समुद्राचे पाणी भूजलात शिरल्याचे अनेक दशकांपासून नोंदले गेले आहे. अशा किनारी भागांत विंधन विहिरीचे पाणी तपासल्याशिवाय टाकीत भरणे धोक्याचे ठरते.

लक्षणे काय सांगतात?

मासा पृष्ठभागावर येऊन सतत तोंड उघडत असेल किंवा त्याचे कल्ले वेगाने हलत असतील, तर प्राणवायूची कमतरता, अमोनिया, नायट्राइट किंवा कल्ल्यांवरील परजीवी यांचा संशय घ्यावा. टाकीतील सर्वच मासे एकाच वेळी असे वागत असतील, तर दोष पाण्यात असण्याची शक्यता अधिक असते.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणे हे एका परजीवीच्या संसर्गाचे लक्षण आहे. हा परजीवी माशाच्या त्वचेत असताना औषधाला दाद देत नाही. तो पाण्यात मोकळा फिरत असतानाच मरतो, म्हणून उपचार अनेक दिवस चालू ठेवावा लागतो. मात्र विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर व पुढच्या परांवर उमटणारे पांढरे बारीक उंचवटे नैसर्गिक असतात. त्यांना रोग समजू नये.

परांच्या कडा झिजणे हे जिवाणूंच्या संसर्गाचे लक्षण असून त्याचे मूळ बहुधा अस्वच्छ पाण्यात असते. तोल जाऊन उलटे तरंगणे हे वाताशयातील बिघाडाचे किंवा अपचनाचे चिन्ह आहे. पोट फुगून खवले उभे राहिले, तर ते शरीरातील गंभीर बिघाडाचे द्योतक असते. अशा अवस्थेत मासा वाचण्याची शक्यता कमी असते.

प्रथमोपचार

सर्वप्रथम अमोनिया, नायट्राइट आणि सामू यांची चाचणी करावी. त्यासाठीचे संच शोभेच्या माशांच्या दुकानांत मिळतात. त्यानंतर एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीतील पाण्याच्याच तापमानाचे असावे. हवेचा पंप चालू ठेवावा व एक-दोन दिवस खाद्य बंद करावे. निरोगी गोल्डफिशला एवढ्या उपवासाने अपाय होत नाही.

सर्व पाणी एकदम बदलणे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुणे टाळावे. क्लोरीनमुळे स्पंजमधील उपयुक्त जिवाणू नष्ट होतात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळून घ्यावा.

रोगाची लक्षणे दिसणारा मासा शक्य तर वेगळ्या टाकीत ठेवावा. तेथे प्रति लिटर 1 ते 3 ग्रॅम साधे मीठ हळूहळू मिसळल्यास त्याच्यावरील ताण कमी होतो. प्रतिजैविके मात्र पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय वापरू नयेत. चुकीच्या औषधाने फिल्टरमधील जिवाणू मरतात, अमोनिया पुन्हा वाढतो आणि आजार बळावतो. शिवाय औषधांना दाद न देणारे जिवाणू निपजण्याचा धोकाही असतो.

प्रयोगशाळेची मदत केव्हा?

थोड्याच दिवसांत अनेक मासे दगावले, तर विषाणूचा संशय घ्यावा. गोल्डफिशच्या रक्तनिर्मिती करणाऱ्या ऊतींचा नाश करणारा एक नागीणवर्गीय विषाणू 1990 च्या दशकात जपानमध्ये आढळला. भारतातील त्याच्या प्रादुर्भावाची नोंद 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. यावर खात्रीशीर औषध नाही. त्यामुळे नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळा ठेवणे हाच उत्तम प्रतिबंध आहे.

गुम्मिडिपूंडीजवळच पोन्नेरी येथे मत्स्य महाविद्यालय आहे. महाराष्ट्रात रत्नागिरी, नागपूर व उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालये, तर मुंबईत वर्सोवा येथे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. मार्गदर्शनासाठी अशा संस्थांकडे विचारणा करता येते.

नको असलेला किंवा आजारी मासा तळ्यात अथवा नदीत कधीही सोडू नये. गोल्डफिश ही मूळची चीनमधील प्रजाती आहे. तिच्यासोबत रोगही स्थानिक माशांपर्यंत पोहोचू शकतात.

गोल्डफिश वेदना बोलून दाखवत नाही, पण त्याचे पाणी बरेच काही सांगते. आठवड्यातून एकदा पाण्याची चाचणी आणि ठरावीक प्रमाणात पाणीबदल एवढी शिस्त पाळली, तर औषधाची बाटली उघडण्याची वेळ क्वचितच येते.