वाचनाने मुलांच्या मेंदूत नेमके काय घडते?

मूल बोलायला आपोआप शिकते. वाचायला मात्र त्याला शिकवावे लागते. लेखनकलेचा उदय होऊन सुमारे पाच हजार वर्षे झाली आहेत. उत्क्रांतीच्या दृष्टीने हा काळ इतका अल्प आहे की, केवळ वाचनासाठी मानवी मेंदूत स्वतंत्र केंद्र निर्माण होणे शक्यच नव्हते. त्यामुळे प्रत्येक बालकाचा मेंदू अक्षरओळखीच्या वेळी दुसऱ्या कामांसाठी असलेले भागच नव्याने जुळवून घेतो. पुस्तकांचा बुद्धीच्या विकासाशी असलेला संबंध या जुळवाजुळवीपासून सुरू होतो.

फ्रान्समधील मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ब्राझील व पोर्तुगालमधील 63 प्रौढांच्या मेंदूचे चित्रण केले होते. त्यांत काही जण निरक्षर होते, काही बालपणी शाळेत शिकलेले, तर काही मोठेपणी साक्षर झालेले होते. मेंदूच्या डाव्या बाजूला, मागील व खालच्या भागात, वस्तू व चेहरे ओळखणाऱ्या क्षेत्रांच्या लगतचा एक छोटा प्रदेश साक्षरांमध्ये अक्षरांना तत्परतेने प्रतिसाद देत असल्याचे त्यात दिसून आले. विशेष म्हणजे, साक्षर व्यक्तींच्या मेंदूत बोललेली भाषा ऐकतानाही अधिक हालचाल नोंदविली गेली. अक्षरे शिकल्यामुळे शब्दांतील ध्वनी सुटे करून पाहण्याची दृष्टी मिळते, असा याचा अर्थ लावला जातो.

या विषयातील एक महत्त्वाचे संशोधन आपल्याच देशात झाले आहे. लखनऊ परिसरातील खेड्यांमधील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुसंख्य महिला होत्या, सहा महिने देवनागरी लिपी शिकविण्यात आली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या अल्प काळातील बदल मेंदूच्या बाह्य आवरणापुरते मर्यादित राहिले नाहीत, तर थॅलॅमस व मस्तिष्कस्तंभ या खोलवरच्या भागांपर्यंत पोहोचले. अक्षरांनी जागा व्यापल्यामुळे चेहरे ओळखण्याची क्षमता घटत असावी, अशी शंका काही काळ व्यक्त होत होती. त्याच भागातील 91 व्यक्तींवर आधारित 2019 च्या अभ्यासात तसा पुरावा आढळला नाही.

देवनागरी वाचणाऱ्या मुलांच्या पालकांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. इंग्रजीत मूळ अक्षरे 26 आहेत. आपल्याकडे स्वर, व्यंजने, बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून आकृत्यांची संख्या शेकड्यांत जाते. त्यातच ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, परंतु उच्चारली जाते नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी 2002 मध्ये हिंदी वाचकांबाबत केलेल्या अभ्यासात, लेखन व उच्चार यांचा क्रम असा उलटा असलेले शब्द वाचण्यास अधिक वेळ लागत असल्याचे आढळले होते. कन्नड माध्यमातील मुलांविषयी सोनाली नाग यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही, अक्षरसंचावर पूर्ण प्रभुत्व येण्यास प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात, असे दिसून आले. दुसरीतील मूल ‘स्वातंत्र्य’ हा शब्द वाचताना अडखळत असेल, तर त्यास मंदबुद्धी ठरविण्याची घाई अनाठायी आहे.

अक्षरे हाताशी आली की पुस्तकांचे खरे कार्य सुरू होते. डोनल्ड हेज आणि मार्गारेट अहरेन्स यांनी 1988 मध्ये इंग्रजी भाषेबाबत केलेली मोजणी येथे उद्बोधक ठरते. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे 31 शब्द दुर्मीळ असतात. महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या प्रौढांच्या आपसांतील गप्पांत हे प्रमाण जेमतेम 17 इतके असते. मराठी घरातील चित्र फारसे वेगळे नसावे. ‘जेवलास का’, ‘दप्तर भरलेस का’ या नित्याच्या संवादात खलाशी, क्षितिज वा ओंजळ हे शब्द सहसा येत नाहीत. ते गोष्टीतून येतात आणि मुलाला संदर्भावरून त्यांचा अर्थ ताडावा लागतो. ज्याला अधिक शब्द ठाऊक त्याचे वाचन सुलभ, आणि जो सुलभतेने वाचतो तो अधिक वाचतो. कीथ स्टॅनोविच यांनी 1986 मध्ये वाढत जाणाऱ्या या तफावतीकडे लक्ष वेधले होते.

मुळातच हुशार असलेली मुले अधिक वाचतात, मग श्रेय वाचनाला कसे द्यावे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. त्याची पडताळणी ब्रिटनमध्ये 1,890 एकरूप जुळ्यांच्या जोड्यांच्या आधारे करण्यात आली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, समान जनुके व समान घर लाभलेल्या दोन भावंडांपैकी ज्याचे वाचन लहानपणी सरस होते, त्याचे पुढील वर्षांतील बुद्धिमापन चाचण्यांचे गुणही, शब्दांवर अवलंबून नसलेल्या चाचण्यांसह, काहीसे अधिक असल्याचे आढळले. फरक प्रचंड नव्हता. चमत्काराची अपेक्षा कोणी बाळगू नये.

वाचता न येणाऱ्या लहानग्यांना वाचून दाखविण्याचे महत्त्वही तितकेच आहे. मात्र पद्धतीने फरक पडतो. अमेरिकेतील ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी 1988 मध्ये केलेल्या प्रयोगात साधारण दोन वर्षांच्या मुलांच्या पालकांपैकी काहींना, केवळ वाचत न जाता मुक्त प्रश्न विचारण्यास आणि मुलाच्या उत्तरात भर घालण्यास सांगण्यात आले. महिनाभरातच या मुलांची बोलण्यातील प्रगती इतरांच्या पुढे गेली. ‘हा कोण?’ असे विचारल्यास मूल ‘ससा’ म्हणून थांबते. ‘ससा का पळाला असेल?’ असे विचारल्यास त्याला कारण शोधावे लागते, वाक्य रचावे लागते.

आपल्या देशासमोरील आव्हान मोठे आहे. ‘असर’ सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील शासकीय शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण 2022 मध्ये 16.3 टक्के होते. 2024 मध्ये ते 23.4 टक्के झाले. वाढ स्वागतार्ह असली, तरी चारांपैकी तीन मुले अजूनही मागे होती. तिसरीनंतर भूगोल, विज्ञान, शाब्दिक गणिते असे सारेच वाचूनच शिकावयाचे असल्याने हा टप्पा निर्णायक मानला जातो. याच हेतूने केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये ‘निपुण भारत’ अभियान हाती घेतले.

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांपुढील प्रश्न निराळा आहे. इंदूर वा भोपाळच्या हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलाला लिपी अवगत असतेच. ‘ळ’ची ओळख करून दिली की मराठी पुस्तक त्याच्या हाती देता येते. बडोदे वा हैदराबाद येथील मुलाला लिपी नव्याने शिकावी लागते, परंतु बाराखडीचे तत्त्व गुजराती व तेलुगूतही तेच आहे. वाचनसाहित्याची वानवा हे कारण आता पूर्वीइतके सबळ राहिलेले नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून प्रसिद्ध होत आहे, राष्ट्रीय पुस्तक न्यासाची बालपुस्तके मराठीतही निघतात आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य वाचता येतात.