विषाणूच्या स्पर्शाने बदलणारा प्रकाश

प्रकाशाच्या साहाय्याने विषाणू ओळखण्याच्या कल्पनेत प्रथमदर्शनी विसंगती जाणवते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, तर कोरोना किंवा इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचा व्यास १०० नॅनोमीटरच्या आसपास, डेंग्यूच्या विषाणूचा ५० आणि पोलिओच्या विषाणूचा जेमतेम ३० नॅनोमीटर असतो. तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून कमी अंतरावर असलेले दोन बिंदू प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून वेगळे दिसू शकत नाहीत, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले होते, आणि त्यामुळेच विषाणूचे रूप पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत थांबावे लागले. रोगनिदानाला मात्र विषाणूचे चित्र लागत नाही. ठरावीक पृष्ठभागावर तो येऊन चिकटला एवढे कळले तरी पुरते, आणि ही वार्ता प्रकाश विलक्षण अचूकपणे देऊ शकतो.

कोविडच्या साथीत सर्वतोमुखी झालेली आरटी-पीसीआर चाचणीही अखेर प्रकाशच मोजते. तीत विषाणूच्या आरएनएपासून डीएनए तयार करून त्याच्या प्रती आवर्तनागणिक दुप्पट केल्या जातात, आणि प्रत्येक नव्या प्रतीबरोबर एका रंगद्रव्याची प्रतिदीप्ती, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकण्याचा गुणधर्म, मोकळी होत जाते. आवर्तने चाळीसच्या घरात जात असल्याने मूळ नमुन्यातील मूठभर रेणूसुद्धा उजेडात येतात. परंतु त्यासाठी तापमान वर-खाली करणारे यंत्र, महागडी विकरे, प्रशिक्षित माणसे आणि काही तासांचा अवधी लागतो. प्रती काढण्याचा हा टप्पाच वगळावा आणि नमुन्यात जे काही आहे त्याची नोंद थेट प्रकाशाने घ्यावी, हे प्रकाशीय जैवसंवेदकांमागील उद्दिष्ट होय.

या संवेदकांपैकी सर्वाधिक अभ्यासला गेलेला प्रकार ‘पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुनाद’ या घटनेवर आधारलेला आहे. काचेच्या लोलकाच्या एका बाजूवर सोन्याचा सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा थर चढवून आतून तिरपा प्रकाश सोडला, तर तो थरावरून परावर्तित होतो. मात्र एका विशिष्ट कोनाला त्याची ऊर्जा सोन्यातील मुक्त इलेक्ट्रॉनांच्या सामुदायिक आंदोलनात शिरते आणि परावर्तित किरण एकाएकी मंदावतो. या आंदोलनाबरोबरचे विद्युतक्षेत्र सोन्याच्या पलीकडील द्रवात डोकावते, पण काही शे नॅनोमीटरच्या आतच विरून जाते. ही मर्यादा येथे उपकारकच ठरते, कारण द्रवात दूर तरंगणाऱ्या पदार्थांची दखल न घेता संवेदक केवळ पृष्ठभागालगत जे आहे तेवढेच टिपतो, आणि विषाणूचा आकार त्या चिंचोळ्या पट्ट्यात नेमका मावतो. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाचा वेग माध्यमात किती पटींनी घटतो हे सांगणारी संख्या, १.३३ असतो, तर प्रथिनांचा १.४५च्या जवळपास, साहजिकच प्रथिनाचे कवच असलेला विषाणू पृष्ठभागावरील पाणी बाजूला सारून तेथे बसला की किरण मंदावण्याचा कोन सरकतो. चौरस मिलिमीटरभर जागेवर एक नॅनोग्रॅम प्रथिन साचले असता हा कोन अंशाच्या दहाव्या भागाइतका बदलतो, आणि आजची उपकरणे त्याच्याही हजाराव्या हिश्शाचा फरक ओळखू शकतात. अशा लोलकरचना आंद्रेआस ओट्टो आणि एरिख क्रेचमान यांनी १९६८ मध्ये मांडल्या, स्वीडनमधील लिंकोपिंग येथील संशोधकांनी १९८३ मध्ये त्यांचा उपयोग वायू आणि जैवरेणू ओळखण्यासाठी करून दाखवला, आणि १९९० मध्ये पहिले व्यापारी उपकरण बाजारात आले.

सोन्याचा थर न देता सूक्ष्म कण वापरले तर हीच आंदोलने त्या कणांत कोंडली जातात, आणि मग कणांना रंग येतो. सुमारे ४० नॅनोमीटरचे सुवर्णकण हिरवा प्रकाश शोषतात व म्हणून माणकासारखे लाल दिसतात. मायकेल फॅरडे यांनी अशा लाल द्रावणांचा अभ्यास १८५७ मध्येच केला होता. घरच्या घरी करायच्या बहुतेक कोविड चाचण्यांमधील लाल रेघ याच कणांची असते. पट्टीवर थेंब टाकला की द्रव केशाकर्षणाने पुढे सरकतो, वाटेत सुकवून ठेवलेले सुवर्णकण त्याच्याबरोबर निघतात आणि त्यांच्या अंगावरील प्रतिपिंडे विषाणूचे प्रथिन पकडतात. पुढे रेघेच्या जागी पक्की बसवलेली दुसरी प्रतिपिंडे तेच प्रथिन दुसऱ्या बाजूने धरून ठेवतात, आणि लक्षावधी कण एका ठिकाणी अडकले की डोळ्याला रेघ दिसते. भारतात घरगुती वापरासाठी आयसीएमआरची मान्यता मिळालेला पहिला संच मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबने आणला. ही पट्टी स्वस्त आणि सुटसुटीत असली, तरी तिच्यातील मोजमाप डोळ्यावर सोपवलेले असते, आणि फिकट रेघेपुढे डोळा हरतो. या दृष्टीने आयआयटी मुंबईतील व्ही. व्ही. आर. साई, तपनेंदू कुंडू आणि सौम्यो मुखर्जी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली रचना विशेष मोलाची वाटते: प्रकाशीय तंतू इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवून बाकावर सुवर्णकण बसवले, की तेथे प्रकाश तंतूबाहेर अधिक डोकावतो आणि कणांभोवतीचा बदल दुसऱ्या टोकाला पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या घटीतून मोजता येतो. यासाठी लोलक आणि नाजूक जुळवणी लागत नाही, आणि तालुक्याच्या रुग्णालयात टिकाव धरायचा तर उपकरण असेच साधे हवे.

संवेदनक्षमतेचे टोक गाठले ते वेगळ्या वाटेने. विजापूरच्या गोल घुमटात भिंतीशी कुजबुजलेला शब्द वक्र भिंतीच्या कडेकडेने जाऊन पलीकडे स्पष्ट ऐकू येतो, आणि अशा वास्तूंमधील ध्वनीचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी १९२०च्या दशकारंभी केला होता. काचेच्या मिलिमीटरभरही नसलेल्या गोळीत प्रकाशही तसाच कडेने असंख्य फेऱ्या मारतो, आणि परिघात नेमक्या पूर्ण संख्येने मावणाऱ्या तरंगलांब्याच तेथे टिकतात. फ्रँक फोल्मर व स्टीफन अर्नोल्ड यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की, इन्फ्लुएन्झाचा एकेक विषाणू अशा गोळीला चिकटताना टिकणारी तरंगलांबी पायरीपायरीने सरकते. पायरीच्या उंचीवरून विषाणूचा आकार अजमावता येतो. तो कोणता विषाणू आहे, हे मात्र ती उंची सांगत नाही.

या क्षेत्राची खरी अडचण येथेच आहे. प्रकाशाला वस्तुमानाची आणि अपवर्तनांकाची जाण असते, ओळख असते ती पृष्ठभागावर बसवलेल्या प्रतिपिंडांना किंवा डीएनएच्या धाग्यांना. रक्त आणि लाळ यांत विषाणूच्या कितीतरी पट अधिक इतर प्रथिने असतात. ती सोन्यावर अकारण चिकटली तरी कोन तसाच सरकतो आणि निरोगी माणूस बाधित ठरू शकतो. त्यामुळे पृष्ठभागावर प्रथिनांना दूर ठेवणाऱ्या रेणूंचा लेप देणे, प्रतिपिंडे नसलेला तुलनेचा भाग शेजारी ठेवून त्याची नोंद वजा करणे, असे उपाय अपरिहार्य होतात. झुरिकच्या संशोधकांनी एप्रिल २०२० मध्ये मांडलेला उपाय अधिक कल्पक होता. त्यांच्या संवेदकात सोन्याची सूक्ष्म बेटे मोजणीही करतात आणि लेसरने उजळली असता जागच्या जागी उष्णताही निर्माण करतात. परिणामी अचूक जुळलेले धागे टिकतात, अर्धवट जुळलेले सुटून जातात, आणि २००३च्या सार्सचा विषाणू व कोविडचा विषाणू यांच्या बऱ्याचशा सारख्या जनुकखंडांतही भेद करता येतो.

प्रयोगशाळेतील स्वच्छ द्रावणात मिळालेली शोधमर्यादा, म्हणजे ओळखता येणारे किमान प्रमाण, कितीही थक्क करणारी असली तरी तेवढ्यावर एखादा संवेदक रोगनिदानास योग्य मानता येत नाही. तीच मोजणी बाधित आणि निरोगी अशा दोन्ही प्रकारच्या पुरेशा लोकांच्या रक्तावर व लाळेवर करून, निष्कर्ष पीसीआरशी ताडून पाहिले जाणे आवश्यक असते. संशोधन निबंधांत हा भाग अनेकदा तोकडा असतो, आणि निधी देणाऱ्या संस्थांनी सर्वांत आधी आग्रह धरायला हवा तो याच भागाचा.