खोलीचा आवडता सूर

समजा, औरंगपुऱ्यात सरस्वती भुवन शाळेपासून जवळच, वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची एक खोली आहे. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, कोपऱ्यात लोखंडी कपाट. इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प लावून तुम्ही तासभर नॉब फिरवता आणि शेवटी मनासारखा आवाज जमतो. दुसऱ्या दिवशी तोच ॲम्प, तीच गिटार, नॉब जिथल्या तिथं. उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिराच्या मंचावर तार छेडता आणि ऐकू येतो भलताच आवाज! रात्रीतून ॲम्पमधला एक स्क्रूही हललेला नाही. मग कालचा आवाज गेला कुठं?

आधी जवळचं पाहू. गिटारच्या ॲम्पमधला स्पीकर बहुधा १२ इंचांचा असतो. खर्जाचे सूर त्यातून सगळीकडे पसरतात. पण सेकंदाला ३००० कंपनांच्या तीक्ष्ण आवाजाची लहर जेमतेम साडेचार इंचांची असते, आणि लहर स्पीकरपेक्षा आखूड झाली की आवाज पसरायचं सोडून नाकासमोर चालू लागतो. ॲम्प जमिनीवर आणि तुम्ही त्याच्या पुढ्यात उभे असाल, तर हा सगळा तीक्ष्णपणा तुमच्या पोटरीला लागतो, कानाला नाही! आवाज बोथट वाटतो म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि पलीकडे सतरंजीवर बसलेला मित्र कानावर हात ठेवतो.

पण खरी कमाल खालच्या सुरांत आहे. गिटारच्या पाचव्या तारेचा मोकळा सूर सेकंदाला ११० कंपनांचा. हवेत त्याची एक लहर साधारण सव्वादहा फुटांची. आता वर बघा. फरशीपासून स्लॅब किती उंच? दहा फूट! म्हणजे या सुराच्या अगदी शेजारच्या सुराची एक अख्खी लहर फरशी आणि स्लॅबच्या मध्ये नेमकी मावते. ती वर जाते, आपटून खाली येते, आणि परतते तेव्हा स्पीकरमधून निघणारी नवी लहर तिच्याच तालात असते. झोक्याला बरोबर वेळेवर धक्के देत राहिलं की झोका कसा चढत जातो, तसा हा सूर फुगत जातो. बाकीचे बहुतेक सूर बिचारे आपापल्या जोरावर. कपाटाचं दार थरथरायला लागतं तेही बहुतेक अशाच एखाद्या सुरावर.

आणि हा फुगलेला सूर खोलीभर सारखा नसतो. फरशीलगत, स्लॅबलगत आणि मधोमध पाच फुटांवर तो दणदणतो. अडीच आणि साडेसात फुटांवर मात्र जवळजवळ नाहीसा होतो. मांडी घालून बसलेल्या माणसाचा कान किती उंचीवर असतो? अडीच फुटांच्या आसपास! उभ्या माणसाचा? पाचाच्या थोडा वर. एकाच खोलीत, एकाच क्षणी, बसलेल्याला जो सूर पातळ लागतो तोच उभ्या राहिलेल्याला दाट लागतो. खोलीची रुंदीही दहाच फूट असल्यामुळे दोन भिंतींच्या मध्ये हाच खेळ आडवाही चाललेला असतो. दोन पावलं सरका, बास बदलतो.

अजून एक गोष्ट, आणि मला तरी हिच्यासारखी दुसरी सापडलेली नाही. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. डिसेंबरच्या पहाटे खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत पारा १२ अंशांवर असेल, तर ध्वनी सेकंदाला सुमारे ३३९ मीटर धावतो आणि दहा फुटांत मावणारा सूर निघतो १११ कंपनांचा. म्हणजे जवळजवळ मोकळी पाचवी तार! मे महिन्यात दुपारी स्लॅब तापून आतली हवा ४० अंशांवर गेली की वेग होतो ३५५ मीटर आणि सूर पोचतो ११६ कंपनांच्या थोडा वर. त्याच तारेच्या पहिल्या पडद्याचा सूर किती? ११६.५. मराठवाड्याच्या उन्हानं खोलीचा आवडता सूर जवळजवळ एक पडदा वर चढवला! भिंती तसूभर हललेल्या नाहीत.

गाद्या, गोधड्या टांगून किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून हा घुमारा जात नाही. दहा फुटांच्या लहरीला दोन इंचांचा कापूस काय अडवणार? त्यात तीक्ष्ण सूर तेवढे मरतात आणि घुमारा जास्तच कोंदट लागतो. त्यापेक्षा ॲम्प खुर्चीवर ठेवून पाहा. बैठक दीड फुटाची, वर ॲम्प, म्हणजे स्पीकरचा मध्य येतो अडीच फुटांवर, बरोबर त्या गप्प जागी. तिथून उभ्या लहरीला जोर मिळत नाही. शिवाय ट्रेबल कानाजवळ येतो. एका खुर्चीत दोन्ही कामं!

मोठ्या नाट्यगृहातही जागेचे आवडते सूर असतातच, पण ते इतक्या दाटीनं असतात की एकटा कोणीच वर येत नाही. म्हणून मंचावर तोच ॲम्प अचानक रोडावलेला वाटतो. शिवाय तिथं माणसं असतात. १८९५ मध्ये हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे एक सभागृह सुधारायचं काम आलं, तिथं बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. तो रात्री शांतता झाल्यावर शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उशा वाहून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि घड्याळ लावून आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. त्यातून कळलं की जागेचं आकारमान आणि आतल्या वस्तू किती आवाज पितात, एवढ्यावर रेंगाळणं ठरतं. माणसंही पितात, कपड्यांसकट. रिकाम्या नाट्यगृहात जुळवलेला आवाज प्रेक्षक भरल्यावर कोरडा पडतो तो यामुळे.

आणि जिथं पिणारं काहीच नाही तिथं? वेरूळचं दहावं लेणं, विश्वकर्मा, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. सातव्या शतकात अखंड बेसॉल्टमध्ये कोरलेलं, सुमारे ८५ फूट लांब, वर लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्यांची कमान. तिथं कोणी एखादा सूर लावला की तो किती वेळ वरच राहतो! एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकावर आपटून परत यायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. औरंगपुऱ्याच्या खोलीत हेच काम पन्नासाव्या हिश्श्यात उरकतं, आणि इतक्या लवकर परतलेला आवाज कानाला वेगळा काढता येत नाही. तो मूळ आवाजात मिसळतो आणि आपण त्याला ॲम्पचा टोन म्हणतो. लेण्यात तोच परतावा उशिरा येतो, म्हणून तिथं आपण म्हणतो, घुमतंय.

असं रेंगाळणं अनेकांना हवंही असतं. १९६३ मध्ये फेंडर कंपनीनं व्हायब्रोव्हर्ब नावाच्या ॲम्पच्या पेटीतच स्प्रिंगा बसवल्या. गिटारचा सूर त्यांच्यातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो, परततो, पुन्हा जातो, आणि हातभर पेटीत सभागृह उभं राहतं. त्यामुळे रिव्हर्बचा नॉब चढवून तुम्ही खोलीत वाजवता तेव्हा एकात एक अशा दोन जागा ऐकत असता. नव्या जागी गेलात की तो नॉब आधी शून्यावर आणा, खर्जाची एक तार छेडा, हातानं दाबून एकदम बंद करा आणि मागे काय उरतं ते ऐका. ती तिथली खोली. रिव्हर्ब किती लागेल, ते त्यानंतर ठरवा.