गाठ दुखत नाही, म्हणून?

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. दिवसभर हातमागावर बसणाऱ्याला मांडीत गाठ जाणवली तर 'कधीतरी मार बसला असेल' म्हणून तो पुन्हा मागावर बसतो. आपल्या घरांतही वेगळे घडत नाही. गुसल करताना गाठ हाताला लागते, दुखत नाही, म्हणून कुणाला सांगितली जात नाही.

स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या यांत होणाऱ्या कॅन्सरला डॉक्टर सार्कोमा म्हणतात. प्रौढांच्या शंभर कॅन्सरांत तो जेमतेम एक. तो मांडीत जास्त आढळतो. पोटात मागच्या बाजूला झाला तर फार मोठा होईपर्यंत कळतही नाही. सुरुवातीला ना दुखणे, ना ताप. गाठ नसेवर दाबू लागली की मग कळ येते, मुंग्या येतात. मार लागल्याने हा रोग होत नाही. मारामुळे त्या जागी हात जातो आणि आधीचीच गाठ सापडते.

बहुतेक गाठी चरबीच्या असतात: मऊ, कातडीखाली सरकणाऱ्या, वर्षानुवर्षे जवळपास तेवढ्याच. त्यांना घाबरायचे कारण नाही. मात्र गाठ 5 सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे चांगल्या मोठ्या लिंबापेक्षा मोठी असेल, वाढत असेल, खोल असेल किंवा काढल्यावर पुन्हा तिथेच आली असेल, तर यातली एक खूणही पुरे. दुखण्याची वाट पाहू नये. चोळणे, शेकणे, लेप लावणे यात महिने जातात आणि रोग फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकतो.

दुसरी चूक घाईची. 'छोटीशी गाठ आहे, काढून टाकू' म्हणत तपासणीआधीच कापली, तर पेशी मागे राहतात आणि पुढचे ऑपरेशन मोठे होते. आधी एमआरआय, मग सुईने तुकडा काढून तपासणी, हा क्रम. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही भीती लोकांना उगाच वाटते. वेळेवर गेल्यास बहुतेकांचा हातपाय वाचवूनच गाठ काढता येते.

आंधळगावकरांना त्यासाठी मुंबई गाठायला नको. नागपूरला मेडिकल आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात; रेशनकार्ड, आधार सोबत ठेवावे.

भगिनींनो, मांडीवरची गाठ दाखवायची लाज वाटते, हे आम्ही जाणतो. लेडी डॉक्टर मागा, घरातली बाई सोबत न्या. पूर्वी गाठ काढली असेल तर तिचा पॅथॉलॉजीचा कागद शोधून बरोबर घ्या. डॉक्टर आधी तोच विचारतील.