परवलीचा शब्द

कुर्डुवाडी हे रेल्वेचे गाव. इथून बार्शीला छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली. एकेरी रुळाचा पूर्वी एक नियम असे. पुष्कळ ठिकाणी स्टेशनमास्तर पोलादी गोळा देई, तेव्हाच ड्रायव्हर गाडी हलवी. पुढच्या स्टेशनाने होकार दिल्याशिवाय तो गोळा यंत्रातून निघतच नसे.

आता बँकेचा संगणक घ्या. तो दूर कुठे तरी असतो. समोर खातेदार आहे की चोर, हे त्याला दिसत नाही. तो एवढेच विचारतो, खुणेचा शब्द सांगा. त्यालाच पासवर्ड म्हणतात. नुसते आकडे असले तर पिन. शब्द बरोबर आला की दार उघडते. मग सांगणारा कोणी का असेना!

गोळा चोरीला गेला तर जागा रिकामी दिसते. पासवर्डाचे तसे नाही. चोराने तो नेला तरी आपल्यापाशी तो राहतोच. चोरी कळते ती पैसे गेल्यावर.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोर दुरून शिरले. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो डाव निव्वळ पासवर्डाचा नव्हता. पण आजच्या चोराला भिंत फोडावी लागत नाही, हे त्यातून दिसले.

आपल्याकडे बहुधा फोन येतो. "काका, तुमच्या खात्यात पैसे जमा करायचेत, पिन टाका." इथंच थांबावं. मोबाइलवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. फोनवर येणारा ओटीपीचा आकडा, तीही किल्लीच. बँक तो फोन करून विचारीत नाही.

शब्द कसा निवडावा? जन्मसाल नको, मुलाचे नाव नको. ते शेजारचे पोरसुद्धा ओळखील. चार आकड्यांचे दहा हजार प्रकार होतात. माणूस ते करून बघताना थकेल, संगणक थकत नाही. म्हणून यंत्र घेईल तिथे लांब शब्द ठेवावा. विळा, चांदणी, पाटा, गूळ, असे चार वेगळे शब्द जोडून घ्यावेत. हे चार मात्र इथे छापले गेले, ते आता निकामी! बँकेचा शब्द दुसरीकडे कुठेही वापरू नये. आणि एटीएम कार्डाच्या पाकिटात पिनाची चिठ्ठी? पुष्कळजण ठेवतात. आम्ही त्याला कुलपालाच किल्ली बांधणे म्हणतो.

पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नये. लगेच १९३० या नंबरावर फोन करावा, बँकेलाही कळवावे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर हलवतो. लवकर कळवले तर ते कधी कधी वाटेतच अडवता येतात.